जंगलात शेळ्या सोडल्या, तर बिबट्या उसातून बाहेर पडेल का?

डिसेंबर २०२५. नागपूरचं हिवाळी अधिवेशन. बिबट्यांच्या हल्ल्यांवर बोलताना वनमंत्री गणेश नाईक यांनी एक हिशेब मांडला. बिबट्याच्या हल्ल्यात चार माणसं गेली, तर सरकारला एक कोटी रुपये भरपाई द्यावी लागते. त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्याच जंगलात सोडल्या, तर बिबटे गावाकडे येणार नाहीत.

पुढचे दोन दिवस सोशल मीडियावर काय झालं असेल, ते सांगायला नको. शेळ्यांचे मीम्स आले. 'लाडकी शेळी योजना' छापाचे विनोद झाले.

हिशेब चुकीचा नव्हता. महाराष्ट्रात वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास कुटुंबाला २५ लाख रुपये मिळतात, चार गुणिले २५ म्हणजे एक कोटी. आणि विनोद बाजूला ठेवला, तर त्या विधानात एक नेमका प्रश्नही होता. बिबट्या खातो काय? तो कुठे राहणार, हे त्याच्या खाण्यावरून ठरतं. मग ते खाणं आपण बदलू शकतो का?

बिबट्यावरच्या आपल्या बहुतेक चर्चा पिंजऱ्यापासून सुरू होतात आणि पिंजऱ्यापाशी संपतात. भक्ष्याबद्दल कुणी बोलत नाही. मंत्री बोलले, पण उत्तर चुकलं. ते का चुकलं, हे समजून घ्यायचं तर जुन्नरला जावं लागेल.

वीस-बावीस दिवसांत तीन मृत्यू

ऑक्टोबर २०२५ च्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड आणि शेजारच्या जांबुत परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यात तिघांचा जीव गेला. दोन मुलं आणि एक वृद्ध महिला. तिसऱ्या मृत्यूनंतर लोकांचा बांध फुटला. वनविभागाची गाडी पेटवली गेली. मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग लोकांनी रोखून धरला. त्यानंतर बिबट्याला ठार करण्याचा आदेश निघाला आणि नेमबाजांनी एका बिबट्याला गोळ्या घातल्या.

त्याच दिवसांतला एक व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. शेतात कामाला निघालेल्या महिलांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे होते. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात बांधतात तसे, कारण बिबट्या मानेला धरतो.

पिंपरखेड 'जुन्नर वनविभागा'त येतं. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके मिळून हा विभाग बनतो. बिबट्या-माणूस संघर्षाच्या बाबतीत देशात या भागाचा जितका अभ्यास झालाय, तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या भागाचा झाला असेल. दोनशेहून अधिक गावं इथे बिबट्यासाठी संवेदनशील मानली जातात. आणि यातल्या बहुतेक गावांच्या आसपास जंगल नाही.

मग बिबटे आले कुठून?

'जंगलं तोडली म्हणून बिबटे गावात आले' हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलंय, की ते तपासायची गरजच वाटत नाही. जुन्नरच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात मात्र ते फारसं लागू पडत नाही. हा भाग मुळात घनदाट जंगलाचा नव्हताच. माळरान होतं, कोरडवाहू शेती होती, बाजरी होती.

चित्र पालटलं ते पाण्याने. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. कालवे आले, सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. आडसाली ऊस शेतात सोळा-अठरा महिने असतो. दीड-दोन पुरुष उंच, आत दिवसाही अंधार, पाटात पाणी आणि महिनोन्‌महिने माणूस फिरकत नाही. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. तिचा गर्भकाळ साधारण तीन महिन्यांचा असतो. दोन-तीन पिल्लं होतात आणि ती दीड-दोन वर्षं आईबरोबर राहतात. म्हणजे ऊस आणि पिल्लं जवळपास बरोबरीने मोठी होतात.

म्हणूनच दरवर्षी गाळप हंगामात ऊसतोड सुरू झाली, की फडात बछडे सापडल्याच्या बातम्या येतात. अशा वेळी वनविभाग आणि माणिकडोह बिबट निवारण केंद्राचे लोक बछड्यांना तपासतात आणि संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात. बहुतेकदा रात्री आई येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. पिल्लं परत मिळाली नाहीत, तर मादी त्या शिवारात चवताळून फिरत राहते, हे तिथल्या शेतकऱ्यांनाही ठाऊक असतं. फडात बछडा दिसल्यावर हात न लावता आधी वनरक्षकाला फोन करणारे शेतकरी इथे बरेच आहेत.

आता आकड्यांकडे वळू. केंद्र सरकारच्या २०२२ च्या अंदाजानुसार महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत. मध्य प्रदेशनंतर देशात दुसरा क्रमांक. २०१८ मध्ये हा आकडा १,६९० होता. चर्चेत हेच आकडे येतात, पण त्यातली एक मेख सहसा सांगितली जात नाही. हा अंदाज वाघांच्या गणनेबरोबर, मुख्यतः जंगलांत लावलेल्या कॅमेऱ्यांवरून काढला जातो. उसातला बिबट्या त्यात नीट मोजलाच जात नाही. म्हणजे ज्या बिबट्यांवरून एवढं रान पेटलंय, नेमके तेच सरकारी मोजणीच्या बाहेर आहेत.

उसातले बिबटे किती असू शकतात, याची एक झलक वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळाली. त्यांनी अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात, शेतांमध्ये कॅमेरे लावले. तिथे १०० चौरस किलोमीटरमध्ये जवळपास पाच प्रौढ बिबटे निघाले. त्याच १०० चौरस किलोमीटरमध्ये माणसं राहत होती ३० हजारांहून जास्त. जंगल शून्य.

ताटात काय आहे?

त्याच परिसरात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला. २०१६ च्या आसपास प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा: बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव किंवा माणसाच्या आसऱ्याने जगणाऱ्या प्राण्यांचा होता. त्यातला सगळ्यात मोठा हिस्सा शेळीचा नव्हता, वासराचाही नव्हता. तो होता कुत्र्याचा. ३९ टक्के.

शिकारी प्राण्यांच्या व्यवस्थापनाचं जे शास्त्र जगभर शिकवलं जातं, ते साधारण जंगलाच्या चौकटीत बसतं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ मध्ये लांडगे परत आणून सोडले, कारण तिथे एल्क हरणांची संख्या हाताबाहेर गेली होती. अलास्कात उलटं चालतं. मूस आणि कॅरिबू वाढावेत, लोकांना शिकारीला मिळावेत म्हणून काही भागांत लांडगे आणि अस्वलं मारली जातात आणि त्यावरून वर्षानुवर्षं वाद होतात. आपल्याकडे ताडोबासारख्या ठिकाणीही हीच चौकट आहे. चितळ आणि सांबर किती, गवताची कुरणं किती, त्यावरून वाघ किती राहू शकतील याचा अंदाज. शिकारी आणि भक्ष्य दोन्ही वन्य. दोन्ही एकाच खात्याच्या ताब्यात.

जुन्नरमध्ये ही चौकट मोडते. इथे शिकारी वनविभागाचा आहे, पण भक्ष्य नाही. शेळी शेतकऱ्याची आहे. कुत्रा कुणाचाच नाही, कागदावर ग्रामपंचायतीचा. कोंबडी दुकानामागे टाकलेल्या आतड्यांवर कुत्री पोसली जातात, तो कचरा कुणाच्याच हिशेबात नाही. लपायची जागा, म्हणजे ऊस, कारखान्याच्या गाळप कार्यक्रमानुसार उभा राहतो आणि तोडला जातो. बिबट्याच्या जगण्याच्या चार गोष्टींपैकी तीन गोष्टींवर वनखात्याचा काडीचाही अधिकार नाही. उरतो तो पिंजरा.

आता जंगलात सोडलेल्या शेळ्यांचा विचार करा. भीमाशंकरच्या किंवा माळशेजच्या जंगलात शेळ्या सोडल्या, तर त्या तिथले बिबटे खातील. काही तरस आणि कोल्हे खातील, आणि बऱ्याचशा दोन पायांवर चालणारे घेऊन जातील. त्या जंगलापासून पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेला, पिंपरखेडच्या उसात जन्मलेल्या मादीला या मेजवानीचा पत्ताही लागणार नाही. ती उसात भुकेली बसलेली नाही, हा खरा मुद्दा आहे. तिला पोटभर मिळतंय, म्हणून तर ती तिथे आहे. शिवाय अन्न वाढवलं की जगणारी पिल्लं वाढतात. शेळ्यांनी झालाच परिणाम, तर तो बिबटे वाढण्याचा होईल.

पकडा आणि दूर सोडा: हा प्रयोग आधी झालाय

'पकडा आणि लांब जंगलात सोडा' ही मागणी प्रत्येक हल्ल्यानंतर होते. ती स्वाभाविक आहे. पण जुन्नरने हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिलाय आणि त्याची किंमतही मोजलीय.

१९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात बिबट्यांचे माणसांवर सरासरी वर्षाला चार हल्ले होत. फेब्रुवारी २००१ पासून बिबटे पकडून जवळच्या जंगलांत सोडण्याची मोहीम सुरू झाली. २९ बिबटे सरासरी ३९.५ किलोमीटर दूर नेऊन सोडले गेले. त्यानंतर हल्ल्यांची सरासरी वर्षाला १७ वर गेली. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण दुप्पट झालं. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला आणि भारतातल्या बिबट्यांबद्दलचा तो बहुधा सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास आहे.

असं का झालं असावं? बिबट्या आपला इलाखा धरून राहतो. कोणत्या वस्तीवर कुत्रं बांधलेलं असतं, कुठून माणसं जातात, कुठे दबून बसायचं, हे त्याला पाठ असतं. त्याला अनोळखी मुलखात सोडलं, की हे सगळं ज्ञान एका रात्रीत शून्य होतं. पकडताना झालेल्या जखमा, पिंजऱ्यातले दिवस आणि भोवतीच्या गर्दीचा ताण वेगळाच. तो घरच्या दिशेने निघतो आणि वाटेत माणसांशी गाठ पडते. इकडे त्याची रिकामी झालेली जागा काही रिकामी राहत नाही. आसपासचे तरुण नर तिथे घुसतात. जुना, माणसांना टाळायला शिकलेला बिबट्या जातो आणि त्याच्या जागी न शिकलेला येतो.

बिबट्या किती चालतो, हे कळलं एका नरामुळे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वर इथे तो विहिरीत पडला. बाहेर काढून त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. तो तिथे थांबला नाही. रेल्वे रूळ, महामार्ग, खाडी ओलांडत सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोहोचला. त्याचं नाव 'आजोबा'. त्याच्यावर याच नावाचा मराठी सिनेमाही आला. या सगळ्या प्रवासात त्याने माणसावर हल्ला केल्याची नोंद नाही. २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला.

हा अनुभव हाताशी असूनही पिंजरा संपत नाही. कारण पिंजरा दिसतो. ज्या घरातलं लेकरू गेलंय, त्या घरासमोर उभ्या असलेल्या आमदाराला, सरपंचाला, वनअधिकाऱ्याला 'बघा, पिंजरा लावलाय' असं सांगता येतं. 'आम्ही तुमच्या गोठ्याला जाळी लावू आणि गावातला कचरा उचलू' हे वाक्य त्या क्षणी कुणी ऐकून घेणार नाही. आणि ते त्या क्षणी बोलायचं वाक्यही नाही. ते दोन वर्षं आधी बोलायला हवं होतं.

पकडलेले बिबटे आता पुन्हा सोडता येत नाहीत, कारण ज्या गावाजवळ सोडाल तिथला विरोध. मग ते माणिकडोहच्या केंद्रात जातात. त्याची क्षमता काही डझन बिबट्यांची. काही बिबटे गुजरातमध्ये जामनगरच्या 'वनतारा'कडे पाठवले गेले, आणखी पाठवण्याची भाषा आहे. समजा शंभर पाठवले. उसात जागा रिकामी झाली, खाणं तसंच आहे, लपण तसंच आहे. पुढच्या हंगामात काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

नसबंदीने काय होईल?

हा दुसरा लोकप्रिय उपाय. राज्याने केंद्राकडे परवानगी मागितली आणि २०२५ च्या अखेरीस प्रायोगिक तत्त्वावर पाच माद्यांसाठी ती मिळाली. ही शस्त्रक्रिया नाही. मादीला लस टोचून तिची गर्भधारणा रोखायची, असा हा प्रयोग आहे.

कल्पना म्हणून यात एक चांगली बाजू आहे. मादी जागेवरच राहते. तिचा इलाखा रिकामा होत नाही, म्हणून नवा बिबट्या घुसत नाही. फक्त पिल्लं होत नाहीत. पिंजऱ्यापेक्षा हे जीवशास्त्राला धरून आहे.

अडचण व्यवहाराची आहे. उसातली मादी शोधायची, पकडायची किंवा बेशुद्ध करायची आणि लस द्यायची. अशा लसींचा परिणाम कायमचा नसतो, म्हणजे तीच मादी पुन्हा शोधायची. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आपल्याला अजून नीट जमलेली नाही, आणि कुत्रं तर दिवसा चौकात झोपलेलं असतं. शिवाय एकूण किती माद्या आहेत हेच माहीत नसेल, तर किती टक्के माद्यांना लस दिल्यावर फरक पडेल, हे कशावरून काढणार? आणि सगळं जमलं तरी आज फिरणारा बिबट्या आणखी काही वर्षं फिरणारच आहे. प्रयोग म्हणून पाच माद्या ठीक. पण गावात जाऊन 'नसबंदी सुरू केलीय, आता काळजी नको' असं सांगणं ही शुद्ध फसवणूक ठरेल.

कायदा आड येतो का?

'बिबट्याला मारलं तर तुरुंग, बिबट्याने मारलं तर काहीच नाही' हे वाक्य जुन्नर-शिरूरच्या कुठल्याही पारावर ऐकायला मिळेल. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. पण या कायद्याच्या कलम ११ मध्ये माणसाच्या जिवाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याला मारण्याची तरतूद आहेच. त्यासाठी राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचा लेखी आदेश लागतो, आणि त्या प्राण्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही याची त्यांना खात्री पटावी लागते. शिरूरमध्ये गोळी घातली गेली, ती याच कायद्याच्या चौकटीत.

आता मागणी आहे बिबट्याला दुसऱ्या अनुसूचीत टाकण्याची. तसं झालं तर परवानगीचा अधिकार खालच्या अधिकाऱ्यापर्यंत देता येतो आणि जिवाबरोबरच मालमत्तेला धोका हेही कारण चालतं. म्हणजे आदेश लवकर निघेल, हे खरं. पण मूळ प्रश्न राहतोच. फडात तीन बिबटे असतील, तर हल्ला करणारा नेमका कोणता? ठसे, कॅमेऱ्यातले फोटो, जखमेवरच्या लाळेतला डीएनए, यातून ओळख पटवायला वेळ लागतो. गर्दी जमली, दगड उचलले गेले की हा वेळ मिळत नाही. भलताच बिबट्या मारला गेला तर गाव निर्धास्त होतं, आणि खरा हल्लेखोर तिथेच असतो. यापेक्षा वाईट परिस्थिती दुसरी नाही.

रात्रीची लाईट

हल्ला नेमका कधी होतो? बिबट्या मुख्यतः रात्री हिंडतो. माणूस घरात असेल, तर गाठ पडायचं कारण नाही. पण शेतकरी रात्री घरात नसतो. शेतीपंपाची थ्री-फेज वीज आठवड्याच्या वेळापत्रकाने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणसं एक-दोन वाजता बॅटरी घेऊन उसाला दारं धरायला निघतात. पाण्यात वाकून बारं मोडणारा माणूस बिबट्याच्या नजरेला माणसासारखा दिसत नाही. उंची कमी होते, तो चार पायांचा वाटतो. वाकून खुरपणाऱ्या, घराबाहेर उघड्यावर बसलेल्या आणि उंचीने लहान असलेल्या माणसांना जास्त धोका असतो, त्याचं कारण हेच. लहान मुलं त्यात आलीच.

म्हणून 'आम्हाला दिवसा लाईट द्या' ही मागणी या भागात प्रत्येक आंदोलनात असते. शहरात बसून ती बिबट्याच्या बातमीत उगाच घुसवलेली शेतकऱ्यांची जुनी मागणी वाटू शकते. माझ्या मते, सगळ्या मागण्यांत ती सगळ्यात शास्त्रीय आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून कृषी फीडर सौरऊर्जेवर आणून दिवसा वीज द्यायचं काम राज्यभर सुरू आहे. संवेदनशील गावांचे फीडर त्यात सगळ्यात आधी घेतले, तर एकही बिबट्या न पकडता रात्रीच्या गाठीभेटी कमी होतील.

सगळ्यात उघड्यावर असतात ते दुसऱ्याच गावचे लोक. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले ऊसतोड कामगार फडाच्या कडेला कोप्या टाकून राहतात. पहाटे आई-बाप तोडीला गेले की पोरं कोपीत. मेंढपाळ धनगर कुटुंबं वाडा घेऊन उघड्या रानात मुक्काम करतात. वनविभागाने मेंढपाळांना तंबू आणि सौरदिवे वाटले होते. हा स्वस्त आणि सरळ उपाय आहे, पण त्याचा फोटो पिंजऱ्यातल्या बिबट्याइतका व्हायरल होत नाही.

गोठा, कुत्रं आणि एक अवघड प्रश्न

आता मंत्र्यांच्याच हिशेबातले ते एक कोटी घ्या. छत आणि चारही बाजूंनी भक्कम जाळी असलेल्या एका गोठ्याला समजा ५० हजार रुपये धरले, तर एक कोटीत २०० गोठे होतात. दोनशे घरांच्या शेळ्या रात्री बंद. शेळ्यांवर पैसे खर्च करायचेच असतील, तर ते त्यांच्याभोवतीच्या जाळीवर करता येतात.

पशुधनाच्या भरपाईचाही इथे संबंध आहे. शेळी मारली गेली तर बाजारभावाच्या ठरावीक टक्क्यांत, मर्यादेपर्यंत पैसे मिळतात. पण त्यासाठी पंचनामा लागतो, आणि पंचनाम्याला मेलेलं जनावर लागतं. बिबट्याने शेळी उसात ओढून नेली आणि शिल्लक काहीच राहिलं नाही, तर सिद्ध काय करणार? भरपाईला उशीर झाला की राग बिबट्यावर कमी आणि खात्यावर जास्त निघतो. पिंपरखेडला पेटलेली गाडी वनविभागाची होती, हे विसरून चालणार नाही.

कुत्र्यांचा प्रश्न मात्र सोपा नाही. आहारातला ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा, म्हणजे कुत्री कमी केली की बिबटे कमी, असं सरळ गणित मांडता येतं. कचरा आणि मेलेल्या कोंबड्यांची विल्हेवाट नीट लागली, तर कुत्र्यांची संख्या हळूहळू उतरेल आणि बिबट्यांचीही. यातला कळीचा शब्द 'हळूहळू'. एकदम कुत्री नाहीशी झाली, तर उसातले पोटभर खाणारे बिबटे अचानक उपाशी होतील आणि पुढचा नंबर गोठ्याचा असेल. मुंबईबद्दल तर एका अभ्यासात उलटाच मुद्दा मांडला गेला. संजय गांधी उद्यानातले बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रा चावण्याच्या सुमारे हजार घटना टळत असाव्यात, असा तो अंदाज होता. अर्थात, पिंपरखेडच्या माणसाला रात्री नऊ वाजता हे जाऊन सांगायची माझी तरी हिंमत नाही.

मुंबईचं उदाहरण नेहमी दिलं जातं. २००४ मध्ये तिथे बिबट्याचे हल्ले शिगेला पोहोचले होते. नंतर बाहेरचे बिबटे आणून सोडणं थांबलं, २०११ पासून वनविभाग, अभ्यासक आणि नागरिकांनी मिळून कचरा, वस्त्यांमधली जागृती आणि गर्दी आवरण्यासाठी पोलिसांचं प्रशिक्षण यावर काम केलं. हल्ले खूप कमी झाले, पुरते थांबले नाहीत. २०२१ मध्ये आरे कॉलनीत ते पुन्हा झाले. पण मुंबईत बिबट्यांना मागे एक राष्ट्रीय उद्यान आहे. जुन्नरच्या उसाला मागे पुन्हा ऊसच आहे.

पश्चिमेकडच्या डोंगरात, महादेव कोळी गावांत वाघोबाची ठाणी आहेत. दिवाळीच्या सुरुवातीला वाघबारस होते, नैवेद्य दाखवला जातो. सहजीवनाच्या प्रत्येक लेखात हा उल्लेख येतो आणि तो खराच आहे. फक्त ही समजूत ज्यांच्या पिढ्या बिबट्यांबरोबर गेल्या त्यांची आहे. पूर्वेकडच्या बागायती पट्ट्यात बिबट्या हा एक-दोन पिढ्यांचा पाहुणा आहे. त्यांच्याकडून वाघोबाच्या श्रद्धेची अपेक्षा करणं म्हणजे सरकारने करायचं काम संस्कृतीवर ढकलणं.

पाच माद्यांच्या नसबंदीचे निष्कर्ष यायला काही वर्षं लागतील. अनुसूची बदलायची की नाही, हे दिल्लीत ठरेल. ऊस कमी होणार नाही, कारण हमखास पैसे देणारं दुसरं पीक या शेतकऱ्यापुढे कुणी ठेवलेलं नाही. पुढच्या सोमवारी मात्र महावितरणचं नवं वेळापत्रक लागेल. त्यात रात्रीची पाळी असेल, तर पिंपरखेडचा शेतकरी पुन्हा बॅटरी आणि काठी घेऊन, जमलं तर सोबतीला शेजाऱ्याला उठवून, दारं धरायला जाईल.